चौथी कवळी

बुधवारी दुपारी लॅबमध्ये अप्पांनी तिसरी कवळी प्लास्टरच्या बादलीत सोडली. फेकली नाही. अप्पा वस्तू फेकत नाहीत. दोन बोटांत धरून, नासकं फळ टाकावं तशी अलगद सोडली आणि हात धुवायला गेले. मी माझ्या लेकीला, ठमीला, कडेवर घेऊन दारात उभी. दुसऱ्या हातात डबा, डब्यात पातळ भात आणि दूध.

"पुन्हा हलतेय?" मी विचारलं.

"हलत नाही. नाचतेय."

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि टॉवेल तोंडावरच राहिला. गेल्या पाच महिन्यांत तो त्यांच्या चेहऱ्याचाच भाग झाला होता. बोलायचं तर टॉवेलमागून, जेवायचं तर भिंतीकडे तोंड करून.

"प्लास्टर जुनं आहे," ते म्हणाले. "ओल धरलीय त्याने."

सोमवारी पाणी जड होतं. त्याआधी मेणात भेसळ होती. ठमीने बादलीत वाकून बघितलं आणि आतल्या दातांना टाटा केला.

अप्पा म्हणजे माझे सासरे. एक्केचाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे दात करण्यात घालवली. डॉक्टरांनी माप पाठवायचं आणि अप्पांनी लॅबमध्ये बसून कवळी करायची. रस्त्यात समोरून कुणी आलं की आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चेहऱ्यावरून ओळख पटते. अप्पांना पटते तो माणूस हसल्यावर. "हा माझा," असं हळूच म्हणतात. "वरचा सुळा मुद्दाम जरा तिरपा ठेवला होता, पहिल्यासारखा. नाहीतर बायकोला वाटायचं, दुसराच कोणी घरी आला."

स्वतःच्या तोंडाकडे मात्र बघायला त्यांना सवड झाली नाही. घासताना रक्त यायचं, तर लवंग धरून कामाला लागायचे. त्यात साखरेचं दुखणं. हिरड्या आत आत जात राहिल्या, दात सैल होत गेले, आणि शेवटी तीन बैठकांत उरलेले चौदाही काढावे लागले. काढले ते डॉक्टरीणबाईंनी. याच बाई वीस वर्षं त्यांच्याकडे मापं पाठवत होत्या. "जखमा भरल्या की या, मी आठवड्यात कवळी बसवून देते," असं त्या म्हणाल्या. अप्पा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

कारण साधं होतं. कवळी करताना हिरड्यांवर बसतील असे मेणाचे दोन कठडे तोंडात घालतात, माणसाला तोंड मिटायला सांगतात आणि खालचा जबडा वरच्यावर नेमका कुठे बसतो ते त्या मेणात उमटवून घेतात. अप्पांच्या धंद्यात त्याला चावा घेणं म्हणतात. माप चुकलं तर कवळी टोचते. चावा चुकला तर कवळी टोचत नाही, पण घास चावायला गेलं की उचकटते. डॉक्टरीणबाईंकडून आलेल्या चाव्यांतले दोन-चार तरी अप्पा दर महिन्याला परत पाठवायचे. सोबत चिठ्ठी असायची: 'हा चावा पेशंटचा आहे की आपला?'

"त्या बाईच्या हातचा चावा? माझ्या तोंडात?" ते टॉवेलमागून म्हणायचे. "त्यापेक्षा राहीन मी असाच. ठमी राहिलीच की इतके दिवस."

हे चिडून बोलणं असतं तर चाललं असतं. पण अप्पा एकसष्ट किलोंचे त्रेपन्न झाले होते. सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान लंबकासारखी हलायची. आणि आता वेळही उरला नव्हता. अप्पा निवृत्त झाल्यावर लॅब ज्याने घेतली त्याने कॉम्प्युटरवर दात कापणारं यंत्र मागवलं होतं. येत्या सोमवारी ते येणार, म्हणून शनिवारी जुनं सगळं भंगारात जाणार. पितळी डबे, दाबायची प्रेस, दात शिजवायचं मोठं पातेलं, सगळं. तोवर रोज दुपारी कोपऱ्यातलं टेबल अप्पांचं, एवढी मेहेरबानी त्याने केली होती. शनिवारपर्यंत कवळी झाली तर झाली. नाही झाली तर अप्पा बिनदाताचे राहणार, आणि बिनदाताचे म्हणजे बिनजेवणाचे, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. माझा नवरा कामासाठी दूर असतो. तो फोनवर "समजाव ना त्यांना" एवढंच म्हणायचा, जसं काही समजावणं ही भाजी आहे, चिरली की झाली.

बुधवारी संध्याकाळी अप्पा घरी येऊन बसले नाहीत. पॅसेजमध्ये फेऱ्या सुरू. दारापासून खिडकीपर्यंत नऊ पावलं, वळून पुन्हा नऊ. ठमी त्यांच्यामागे भिंत धरून डुलत डुलत. मी दोघांना ओलांडत कपड्यांच्या घड्या कपाटात नेत होते.

"चालून फरशी झिजेल, दात नाही यायचे," आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून सगळा कारभार खुर्चीवरून. "मेली ती कवळी. आपण बाईंकडे जाऊ. मी येते सोबत."

"तू येऊ नकोस."

"का? मी काय केलं?"

"तू हसतेस."

ते खरं होतं. सोमवारी अप्पांनी पहिल्यांदाच आणि अगदी नाइलाजाने, मेणाचे कठडे घरी आणून चावा घ्यायचं काम आईंना दिलं होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोसमोर कधी जांभईसुद्धा तोंड उघडून दिली नसेल. टॉवेल खाली आला, तोंड उघडलं, आणि आईंना हसू फुटलं. ते हसू नव्हतंच. ते काय होतं ते मला दिसत होतं, कारण मी त्यांच्या बाजूला उभी होते आणि त्यांचे डोळे भरलेले होते. अप्पांना मात्र फक्त आवाज ऐकू आला. त्यांनी कठडे काढले, धुतले, रुमालात बांधले. त्या रात्री ते दूधही न घेता झोपले.

"हसले नव्हते मी," आई आता हळू आवाजात मला म्हणाल्या. "गालच कुठे गेले गं त्यांचे? मला ते आमचे मामंजीच वाटले एकदम. मेलेले."

गुरुवारी सकाळी मला ते दिसलं. ठमीला दिवसा झोपवणं हा आमच्याकडे मोठा उद्योग. पाळण्यात टाकली की रडते, गादीवर टाकली की उठून बसते. तिला लागते उभी छाती आणि त्या छातीतून येणारा घुमारा. अप्पा आरामखुर्चीत तिला छातीवर घेतात आणि तोंड मिटून नाकातून काहीतरी गुणगुणतात. गाणं असं नाही, मोटार चालू राहावी तसा एक सूर. पाच मिनिटांत ती झोपते, दहा मिनिटांत अप्पाही. मी चहाचा कप उचलायला गेले तर दोघं झोपलेली. टॉवेल खाली घसरलेला. आणि अप्पांची हनुवटी आत गेलेली, गळ्याच्या बाजूला, निवांत.

दुपारी लॅबमध्ये गेले तेव्हा अप्पा आरशासमोर उभे होते. मेण तोंडात होतं. त्यांनी मान ताठ केली, डोळे बारीक केले, तोंड मिटलं. हनुवटी पुढे आली. चांगली नजरेत भरेल इतकी पुढे. फोटो काढताना माणूस छाती काढतो तशी.

मी डबा खाली ठेवला. "अप्पा, एक सांगू? सकाळी तुम्ही झोपला होता तेव्हा हनुवटी अशी नव्हती. मागे होती. आरशात बघताना तुम्ही ती पुढे काढता."

त्यांनी कठडे काढून पाण्यात सोडले. टॉवेल वर गेला.

"किती वर्षं झाली तुला या घरात?"

"चार."

"चार. आणि मी एक्केचाळीस वर्षं चावा चुकून इथे येणाऱ्या लोकांना सांगतोय की जबडा पुढे काढू नका. जिभेचं टोक टाळूला मागे लावा, आवंढा गिळा आणि मिटा. मी. ही युक्ती या लॅबमध्ये मी आणली. आता तू मला शिकव."

"शिकवत नाही हो. दिसलं ते सांगितलं."

"दिसतं सगळ्यांनाच. कळावं लागतं."

त्यांनी पुन्हा मेण गरम पाण्यात धरलं. जीभ मागे, आवंढा, सगळं शिस्तीत केलं. मी बघत होते. आवंढा गिळताना हनुवटी मागे गेली आणि ते आरशात बघायला लागले तशी पुन्हा हळूहळू पुढे आली. मग माझ्या लक्षात आलं. ही युक्ती ज्याला माहीत नाही त्याच्यावरच चालते. अप्पांनीच एकदा नव्या नवरीला लॅब दाखवताना मला सांगितलं होतं: आपला चावा घेताहेत हे कळलं की माणूस खोटं चावतो.

"जा तू," ते म्हणाले. "पोर रडतेय."

पोर रडत नव्हती. मी गेले.

जिन्यात बसून मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. ठमी एकेक पायरी उतरून पुन्हा चढत होती. माझा एक डोळा तिच्यावर, एक कान फोनवर. कुणाशी बोलतेय ते अप्पांना कळलं असतं तर चौथी कवळी करायला ते लॅबमध्ये राहिलेच नसते.

"जबडा पुढे येतोय ना?" सगळं ऐकून बाई म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. लॅबवाल्यांचं असंच होतं. आयुष्यभर लोकांना करून दाखवतात, तेच अंगात बसतं. तुम्ही त्यांना सांगितलं तर नाही ना?"

"सांगितलं."

"झालं. आता तर अजून पुढे येईल." मागे कुठेतरी पाण्याचा फवारा चालू होता. "हे बघा, एकच होऊ शकतं. मेण मऊ असताना त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं पाहिजे. अगदी पूर्ण. दोन मिनिटं. जबडा आपोआप जागेवर बसतो, मेणात उमटतो. मग ओठ थोडा बाजूला करायचा आणि दोन्ही कठड्यांवरून सुरीने उभी रेघ मारायची. एक मधे, एक-एक बाजूला. रेघा जुळल्या की चावा सापडला."

"मी मारायची?"

"मग काय मी येऊ? मला दारात बघितलं तर ते मेणच गिळतील." त्या हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "ते परत पाठवायचे ते सगळे चावे खरंच चुकलेले असायचे हो. हे त्यांना सांगू नका."

रात्री मला झोप लागेना. त्रेपन्न हा आकडा डोक्यात भिरभिरत राहिला. पहाटे ठमी उठली तेव्हा मी तिच्याकडे बघत बसले आणि मनाशी एक ठरवलं. चांगली आई असं ठरवत नाही.

शुक्रवारी सकाळी तिला झोपू दिलं नाही. दहा वाजता डोळे चोळायला लागली, तिला पाण्यात बसवलं. अकराला जांभया द्यायला लागली, तिला भांडी वाजवायला दिली. साडेअकराला माझ्या खांद्यावर डोकं टाकलं, तर मी तिला गॅलरीत नेऊन कावळे दाखवले.

"अगं, पोर पेंगतेय," आई म्हणाल्या. "झोपव की. छळतेस काय तिला?"

"नको, आई. आज नको."

आईंनी माझ्याकडे निरखून बघितलं. मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या, तसंच. त्यांनी फक्त डब्यावर झाकण जरा जास्तच जोरात दाबलं आणि म्हणाल्या, "दुपारी तरी खायला सांग. म्हणावं मी सांगितलंय."

लॅबचा जिना चढताना ठमी रडायला लागली होती. वर पोचेपर्यंत तिचा नुसता भोंगा झाला. लॅबमधली माणसं जेवायला गेलेली, टेबलं अर्धी रिकामी, पितळी डबे भिंतीशी दोरीने बांधून ठेवलेले. अप्पा स्टोव्हवरच्या गरम पाण्यातून कठडे काढत होते. त्यांनी ते बोटाने दाबून पाहिले, तोंडात बसवले आणि आरशाकडे वळले.

मी ठमीला त्यांच्या हातात दिली. विचारलं नाही, दिली.

"अप्पा, धरा जरा. पायरीवर चप्पल राहिली."

चप्पल माझ्या पायात होती. त्यांना बोलता येईना, तोंडात मेण. त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मग ठमीने त्यांच्या मानेत तोंड खुपसून एवढा हंबरडा फोडला की राग करायला वेळच राहिला नाही. ते स्टुलावरून उठून भिंतीजवळच्या खुर्चीत बसले, मान मागे टेकवली आणि त्यांच्या नाकातून तो सूर सुरू झाला.

मी दाराआड उभी. मेण किती वेळ मऊ राहतं? बाई म्हणाल्या होत्या दोन मिनिटं. ठमीचं रडणं मुसमुसण्यावर आलं. मग उसासे. सूर चालूच. सकाळभर जागलेली पोर शेवटी झोपते तशी ती एकदम झोपली, हातपाय सोडून. अप्पांनी आवंढा गिळला. आणि हनुवटी मागे गेली.

मी आत गेले. टेबलावरची मेणाची सुरी उचलली. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून चपला मात्र आता खरंच दारात सोडल्या. अप्पांनी डोळे उघडले. त्यांना सुरी दिसली, मी दिसले, आणि सगळं कळलं. ते उठले असते. पण छातीवर ठमी होती. बोलले असते. पण बोलले असते तर ती उठली असती. सूर तसाच राहिला, जरा वर चढला फक्त.

"हलू नका," मी कुजबुजले. "तुमच्या पाया पडते."

मी त्यांच्या ओठाला हात लावला. याआधी मी कधी त्यांना पाया पडण्यापलीकडे शिवले नव्हते. ओठ कोरडा होता, पातळ, पुस्तकाच्या जुन्या पानासारखा. तो तर्जनीने वर केला. मेण दिसलं, गुलाबी, अजून चकचकीत. वरचं खालच्यात रुतलेलं. मधे एक रेघ मारली. ती जरा वाकडी गेली. डावीकडे एक. उजवीकडे गाल ओढावा लागला. अप्पांचे डोळे छताकडे लागले होते आणि कडेने पाणी कानाकडे वाहत होतं. मी बघितलं नाही असं दाखवलं. तिसरी रेघ सरळ आली.

मग आम्ही तसेच थांबलो. मेण गार होईपर्यंत, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे पुढे काय करायचं ते दोघांनाही कळत नव्हतं.

शेवटी मी ठमीला उचलून घेतलं. अप्पांनी दोन्ही कठडे एकत्र बाहेर काढले. ते एकमेकांत घट्ट बसले होते. ते टेबलाशी गेले, कठडे साच्यांवर चढवले, बिजागरीच्या यंत्रात बसवले. यंत्राचा खालचा जबडा मिटला. शेजारी तिसऱ्या कवळीचा साचा पडला होता. त्यांनी लोखंडी पट्टी घेतली, आधी तो मोजला, मग हा.

"चार मिलिमीटर," ते म्हणाले.

मी ठमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"म्हणजे तीनही कवळ्या अशाच पुढे." टॉवेल हुकावर लटकत होता, तो घ्यायचं त्यांना सुचलंच नव्हतं. "ही मधली रेघ कुणी मारली? शेळीने?"

"मी."

"हं." ते बराच वेळ यंत्र उघडत-मिटत राहिले. "तिला मुद्दाम जागं ठेवलंस?"

"सकाळपासून."

"निर्दय आहेस," असं म्हणून त्यांनी दातांची पेटी पुढे ओढली.

शनिवारी सकाळी साडेसातला अप्पा लॅबच्या दारात होते, कुलूप उघडायच्या आधीच. मी दहाला गेले तेव्हा दात मेणात लागलेले होते, मेण उकळून काढलेलं होतं, आणि पितळी डब्यातल्या प्लास्टरच्या साच्यात गुलाबी पीठ भरून तो डबा प्रेसखाली दाबलेला होता. बाराला डबा पातेल्यात गेला. पाण्याला चढत्या आचेची गरज असते, एकदम उकळी चालत नाही. आणि शिजल्यावर तसंच हळूहळू गार व्हावं लागतं, घाई केली तर कवळी वाकते. अप्पांनी हिशेब केला होता, चार वाजता काढू.

भंगारवाले दीडलाच आले. दोघं होते. एक जाडा, एक बारीक. त्यांनी प्रेस उचलली, डबे उचलले, यंत्रं पोत्यात भरली. जाड्या पातेल्याशी येऊन थांबला.

"आजोबा, हे पण न्यायचंय."

"दात शिजतायत," अप्पा म्हणाले.

जाड्याने झाकण उचलून आत बघितलं. "कुणाचे?"

"माझे."

तो जरा मागे सरला. बारीक म्हणाला, "टेम्पो तीनपर्यंतच आहे हो. मालकाने सांगितलंय, भिंतीला खिळासुद्धा ठेवू नका."

अप्पा पातेल्यासमोर उभे राहिले, दोन्ही हात पसरून, अंगणात कोंबड्या अडवाव्या तसे. त्रेपन्न किलोंचा माणूस. ठमी माझ्या कडेवरून खाली उतरायला धडपडत होती. घड्याळात दोनला दहा कमी. मी स्टोव्ह बंद केला.

"काय करतेस?" अप्पा ओरडलेच जवळजवळ.

"शिजले ना? शिजायला दीड तास लागतो म्हणालात. झाला. आता गारच व्हायचंय. ते घरी होईल."

"पाणी कोण नेणार? डबा उघडा पडला तर—"

"पाण्यासकट नेऊ."

कोपऱ्यात प्लास्टरची बादली होती, तीच, जिच्यात तीन कवळ्या पडल्या होत्या. मी ती उलटी केली आणि नळाखाली धरून खळाळून धुतली. पातेल्यातलं गरम पाणी तिच्यात ओतलं. अप्पांनी चिमट्याने डबा उचलून आत सोडला, वरून टॉवेल गुंडाळला. तोच टॉवेल. बारक्याने न सांगता बादली उचलली आणि तीन मजले खाली आणून दिली. "सांडणार नाही," तो म्हणाला, "पण आजोबा, खरे दात टाकलेत ना आत?"

रिक्षात बादली अप्पांच्या पायांत, ठमी माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला अप्पा रिक्षावाल्याला म्हणत होते, "हळू." शेवटी तो म्हणाला, "काका, अंडी आहेत का?" अप्पांनी मान हलवली. हो म्हणून.

घरी साडेचार वाजेपर्यंत कुणी बादलीला हात लावला नाही. आई तिच्याकडे लांबूनच बघत होत्या. मग अप्पांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, डबा उघडला, लाकडी दांडक्याने प्लास्टर फोडलं. कवळी बाहेर आली, खरबरीत, कडेला गुलाबी पापुद्रे लोंबणारी. घासायचं यंत्र भंगारात गेलं होतं. अप्पांनी कानशीने आणि पॉलिशपेपरने दीड तास हाताने घासली. आईंनी बल्ब पुढे ओढून दिला.

तोंडात घालायच्या वेळी ते वळले नाहीत. तिथेच ओट्याशी उभे राहून वरची बसवली, खालची बसवली. खिशातून निळ्या पातळ कागदाच्या दोन पट्ट्या काढल्या. ही त्यांच्या धंद्यातली शेवटची परीक्षा. दोन्ही बाजूंना दातांमध्ये कागद धरायचा, माणसाने तोंड मिटायचं आणि दुसऱ्याने कागद ओढायचा. सुटला तर चावा चुकला. धरून राहिला तर बसला.

माझ्या कडेवर ठमी होती. मी तिला खाली ठेवायला वाकले, तेवढ्यात अप्पा आईंना म्हणाले, "अगं, इकडे ये. धर."

आई खुर्चीवरून उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, हळू. त्यांनी दोन्ही पट्ट्या चिमटीत धरल्या आणि अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. अप्पांनीही त्यांच्याकडे. आरसा नव्हता तिथे.

"हा वरचा सुळा तिरपा राहिलाय," आई म्हणाल्या.

"राहू दे. ओढ."

आईंनी ओढलं. उजवीकडचा कागद धरून राहिला, डावीकडचा सुळकन बाहेर आला. अप्पांनी कवळी काढली, निळे डाग बघितले, उजवीकडच्या एका दाढेवर कानस चार वेळा फिरवली. मोजून चार. पुन्हा बसवली. डावीकडचा पुन्हा सुटला, पण अडखळत. पुन्हा कानस. दोनदा. मधे त्यांना बोडकं तोंड झाकायची आठवणच राहिली नाही. आई कवळी हातात घेऊन उभ्या, ओलीच.

तिसऱ्या वेळी अप्पांनी डोळे मिटले. "ओढ."

आई काही करेनात.

"ओढ की."

"ओढतेय," आई म्हणाल्या. "सुटत नाही."

"जोरात ओढ."

दोन्ही कागद फाटले. अर्धे आईंच्या चिमटीत, अर्धे अप्पांच्या दातांत. त्यांनी तोंड उघडलं नाही. आईही मागे सरल्या नाहीत. त्यांच्या अंगठ्याला निळा रंग लागला होता, तो त्यांनी पदराला पुसला आणि मग मला म्हणाल्या, "पाव काढ गं. भिजवू नकोस."